बेळगावचं भूतघर आणि दम्याचा तो एक रकाना : माझा अनुभव

आधीच सांगते, भूतघर चांगलं होतं. आत काम करणाऱ्या पोरांनी जीव ओतलाय, त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. राग आहे तो गेटवरच्या एका फॉर्मचा आणि त्यापायी गेलेल्या पावणेदोन तासांचा. आठ दिवस झाले तरी उतरला नाही म्हणून लिहायला बसले.

तर मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या बेळगावात मैदानावर प्रदर्शन लागतं, पाळणे, गोबी मंच्युरी, मिरची भजी, सगळं नेहमीचं, आणि यंदा त्यात पत्र्याचं मोठं भूतघर होतं, हलणारे पुतळे नाहीत, आत खरी माणसं भुतं होऊन उभी. पावसानं जोर धरला की हे सगळं उठतं, त्यामुळे जायचं तर मेमध्येच. भाचा खानापूरहून सुट्टीला आलेला, यंदा नववीत जाणार, त्यानं चार दिवस डोकं खाल्लं होतं. मी, वहिनी, भाचा आणि निपाणीचा माझा चुलतभाऊ, असे चौघं शहापुरातून दोन गाड्यांवर निघालो. तिकीट माणशी दीडशे, स्कॅन करून पाच मिनिटांत झालं.

मग गेटवर फॉर्म दिला. एका बाजूला कन्नड, एका बाजूला इंग्लिश. हार्टचा त्रास आहे का, फिट येते का, दिवस गेलेत का, पाठीचं ऑपरेशन झालंय का, आणि शेवटी दमा. पुढं आहे किंवा नाही. असा फॉर्म भरून घेतात ते बरोबरच आहे, माझा त्याला विरोध नाही. आत झपझप लाइट मारतात, त्यानं काही जणांना फिट येऊ शकते, आणि धुराच्या मशीनमध्ये पाणी आणि ग्लायकॉल तापवून जे धुकं करतात ते दम्याच्या माणसाच्या छातीला लागू शकतं. वहिनीला लहानपणापासून दमा आहे, पंप कायम पर्समध्ये असतो. तिनं खरं ते लिहिलं. चौघांत तेवढा एकच ‘आहे’.

गेटवरचा मुलगा फॉर्म बघून म्हणाला, “आगल्ला मॅडम.” म्हणजे कन्नडमध्ये ‘होणार नाही’. झालं, विषय संपला. मी म्हटलं ठीक आहे, तिचे दीडशे परत द्या, ती बाहेर बसेल. तर म्हणे तिकीट खिडकीवर विचारा. खिडकीवरच्या बाईंनी तिकीट उलटं करून दाखवलं, मागं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं की पैसे परत मिळणार नाहीत. अहो पण दम्याच्या माणसाला सोडत नाही हे तिकीट घेताना कुठं लिहिलंय? खिडकीवर बोर्ड नाही, विचारलं नाही, सांगितलं नाही. आधी पैसे घ्यायचे आणि मग आजार विचारायचा! बाईंनी हात केला मागच्या डब्याकडे, तिथं ऑफिस.

ऑफिसात मॅनेजर नव्हते. दहा मिनिटांत येतात म्हणाले. पंचवीस मिनिटं झाली, आणि तेवढ्यात वळीव आला, असा आला की मैदानाचा पाच मिनिटांत चिखल. आम्ही चौघं त्या डब्याच्या हातभर पत्र्याखाली भिंतीला चिकटून उभे, भाच्याचं तोंड एवढंसं झालेलं. तिथंच आडोशाला उभ्या असलेल्या एक काकी वहिनीला म्हणाल्या, “मला बीपी हाय की, मी कुठं लिवलंय? तुमी कशाला लिवलासा?” आणि खरंच त्या आत जाऊन आल्या होत्या.

पाऊस थांबल्यावर परत गेटवर गेलो तर तो मुलगा दुसरा कोरा फॉर्म घेऊन पुढं आला, आवाज खाली करून म्हणाला, मॅडम ‘नाही’वर टिक करा आणि जावा की आत, कोण बघतंय. वाईट नव्हता तो, त्याच्या परीनं मदतच करत होता. पण वहिनीनं फॉर्म हातात घेतला नाही. म्हणाली, “आत मला काही झालं तर तुम्हीच हा कागद दाखवणार, की बाईनं नाही म्हणून लिहून दिलंय. मी सही करणार नाही.” मला तिचा इतका अभिमान वाटला त्या क्षणी. चुलतभाऊ म्हणत होता सोडा, घरी जाऊया, मी म्हटलं आता तर अजिबात नाही.

मॅनेजर आले एकदाचे. मी सरळ दोन प्रश्न विचारले. धूर कुठल्या खोलीत आहे, आणि तो लिक्विडचा आहे का ड्राय आइसचा? कारण ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, बंद खोलीत तो साचला तर धडधाकट माणसालाही त्रास होतो, दम्याचं सोडाच. त्यांना दोन्ही माहीत नव्हतं. म्हणाले मशीनवाल्याला विचारा. मशीनवाला कुठंय? आत. आत जाऊन विचारू का? फॉर्म पास झाल्याशिवाय आत सोडत नाही. हे ऐकल्यावर मी जो आवाज चढवला तो शेजारच्या पाळण्याच्या रांगेपर्यंत गेला असणार.

(मध्येच आठवलं म्हणून सांगते, पर्स आणि बॅगा गेटवर जमा करून घेतात. पंप, गोळी, जे काय लागतं ते आधीच काढून खिशात नाहीतर हातात ठेवा. आणि पंपाचं माणूस असेल तर जायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचाराच, वहिनीनं विचारलं होतं.)

माझा आवाज ऐकून डब्यामागून एक भूत आलं. खरंच सांगते, तोवर आम्ही एकही भूत पाहिलं नव्हतं. चहाला बाहेर आलेलं पोरगं, अंगावर फाटका पांढरा झगा, ओठ काळे केलेले, हनुवटीवरचं रबर एका कडेनं सुटून लोंबत होतं, आणि ओठांचा रंग जाऊ नये म्हणून कागदी कपातला चहा स्ट्रॉनं पीत होतं. घसा पार बसलेला. म्हणाला, “काय झालंय ताई?” मी सगळं सांगितलं. त्यानं निम्म्यातच मान हलवली. “लिक्विडचं मशीन हाय ताई, ड्राय आइस नाही. क्यान मीच भरतोय की. धूर दोनच जागी, तिसरी खोली आणि शेवटचा पूल.” मग मॅनेजरकडं वळून, “सर, दोन बॅच जाऊ देत, मग मशीन बंद करतो, मागचं दार उघडून ठेवतो, धूर गेला की ह्यांना सोडूया.” मॅनेजर म्हणाले बरं. संपलं! पावणेदोन तास जे कुणाला सुचलं नाही ते चहाच्या सुट्टीतल्या पोरानं दोन मिनिटांत केलं.

थांबलो तेवढ्यात त्याच्याशी बोलणं झालं. येळ्ळूरचा आहे. शिवजयंतीच्या चित्ररथात दोन वर्षं मावळा झालेला, रात्रभर ट्रॅक्टरवर न हलता उभं राहायची सवय, तीच इथं कामाला आली म्हणाला. त्यांचे नियम पक्के आहेत, भुतानं कुणाला हात लावायचा नाही आणि लोकांनीही भुताला लावायचा नाही. काही लोक घाबरून नाहीतर मस्तीत गुद्दे मारतात, त्यानं दंडावरचा काळानिळा डाग दाखवला. प्लीज असं करू नका. पुढची बॅच येतेय ते एकमेकांना पत्र्यावर ठोकून कळवतात, दोनदा म्हणजे तयार राहा.

आतलं फार सांगत नाही, नाहीतर जाणाऱ्यांची मजा जाईल. एवढंच, की ज्या बाजूला आवाज होतो तिकडं तुम्ही बघता आणि भूत दुसरीकडून येतं. घाबरट माणसाला मध्ये ठेवा, पुढच्याला आणि सगळ्यात मागच्याला जास्त धरतात. आत जायच्या आधी पाच मिनिटं मोबाईल बघू नका, अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, चांगलं दिसायला वीसेक मिनिटंसुद्धा लागतात. आणि मोबाईलचा टॉर्च, लायटर असलं काही आत काढू नका. 11 मे 1984 ला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका पार्कातलं भूतघर जळालं, 8 तरुण मुलं गेली, आतल्या फोमनं पेट घेतला होता आणि पाणी फवारणारी यंत्रणाच नव्हती. मी हे घरी येऊन वाचलं आणि हातपाय गार पडले, कारण मागचं दार कुठं आहे हे आम्हाला फक्त त्या पोरामुळे माहीत होतं. तुम्ही गेटवरच विचारा. सांगत नसतील तर जाऊ नका.

संध्याकाळी साडेसहाच्या आत गेलात तर रांग नाही, आठनंतर मरणाची गर्दी. चपला पट्ट्याच्या घाला, चिखलात माझी एक आतच राहिली होती.

वहिनीच्या फॉर्मवर मी मॅनेजरांकडून लिहून घेतलं, “दमा आहे, धूर बंद ठेवून सोडले”, खाली सही. त्याचा फोटो काढून ठेवलाय. दम्याची माणसं घरात असतील तर त्यांनीही असंच लिहून मागावं, ‘नाही’वर टिक करून जाऊ नये.

बाहेर पडलो तर मागच्या दारात तोच मुलगा उभा, रबर आता नीट चिकटवलेलं. वहिनीला त्याच बसलेल्या आवाजात विचारलं, “ताई, दम लागला काय?” तिनं मुठीतला पंप उघडून दाखवला, टोपणसुद्धा काढलं नव्हतं. तो हसला, काहीतरी बोलणार होता, पण आतून पत्र्यावर दोनदा ठकठक झाली तसा झगा सावरत आत पळाला.