आमची वाटचाल: दोष सर्व्हरचा नव्हता

लातूरच्या डाळमिलांना त्यांच्याच ऑफिसात मेल सर्व्हर बसवून द्यायचा, या कामावर आमची कंपनी उभी राहिली. साधा डेस्कटॉप, त्यावर डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम, मेलची ने-आण करणारं पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स उघडून देणारं डोव्हकॉट. मेलबॉक्समागे दरमहा भाडं नाही, आणि डाळीच्या भावांचा पत्रव्यवहार मालकाच्या कपाटात. सुरुवातीची वर्षं चांगली गेली.

मग ऐन तुरीच्या हंगामात सगळ्या मिलांचे मेल बाहेर जाईनात. बाहेरून येणारे येत होते, ऑफिसातल्या ऑफिसात पोचत होते. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आमच्या गिऱ्हाइकांकडे फिरला. "गावठी सर्व्हर असाच बसतो," हे त्याचं वाक्य मला आजही टोचतं.

अडकलेल्या मेलची रांग दाखवणारी मेलक्यू कमांड मारली की पानंच्या पानं, आणि प्रत्येक नोंदीखाली तेच: कनेक्शन टाइम्ड आउट. समोरच्यानं मेल नाकारला असता तर ५५० हा नकाराचा कोड आला असता, कारणासकट. इथं समोरच्याच्या दारापर्यंतच कुणी पोचत नव्हतं. सर्व्हरवरून जीमेलच्या पोर्ट २५ वर, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या दारावर, टेलनेटनं जोडणी करून पाहिली, काहीच नाही. तोच डबा दुसऱ्या लाइनला लावला, लगेच २२० हा 'तयार आहे' सांगणारा कोड आला. इंटरनेटवाल्यानं बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद केलं होतं. स्पॅम थांबवायला तसं करतात, मान्य. पण स्टॅटिक आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचे, वेगळे पैसे घेता, तर आधी एक फोन करायला काय झालं होतं?

तोवर निम्मी गिऱ्हाइकं गेली होती, पोरांचे पगार थकले होते. एका मिलचे मालक अप्पा मात्र हलले नाहीत. पुण्याचा माणूस समोर बसलेला असताना त्यांनी मला फोन लावला, तोही स्पीकरवर. "तू काय करायलास ते कर. डब्याला मी कुणाला हात लावू देणार न्हाई."

म्हणून पहिली सुरू झाली ती त्यांचीच मिल. रिलेहोस्ट, म्हणजे आपले मेल पुढे पोचवणारा दुसरा सर्व्हर लावला, पासवर्ड देऊन त्याच्या पोर्ट ५८७ वरून मेल काढले. त्याआधी एसपीएफमध्ये, म्हणजे आपल्या नावानं कुठल्या सर्व्हरनं मेल पाठवायचा त्या यादीत, रिलेचं नाव घातलं, नाहीतर गेलेला मेल स्पॅममध्ये पडतो. रांगेतले मेल लगेच पाठवायला लावणारी पोस्टक्यू -एफ कमांड दिली आणि तुंबलेली रांग डोळ्यांदेखत रिकामी होत गेली. अप्पांची भावपत्रकं चेन्नईला पोचली.

नव्यानं सर्व्हर लावणाऱ्यांना सांगतो, घाबरून रांग पुसू नका. पोस्टफिक्स अडकलेला मेल मुळातच ५ दिवस सांभाळतं, तेवढ्यात कारण सापडतं. लाइन घेतानाच पोर्ट २५ उघडं ठेवणार का आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या सर्व्हरच्या नावानं लावून देणार का, हे लेखी घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं ते रिव्हर्स नाव आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) सगळ्यांनाच सक्तीचं केलंय. आम्ही तिन्ही लावूनच देतो, त्याशिवाय बिल करत नाही.

गेलेल्यांपैकी काही परत आले. त्यांना आजचा दर लावतो. अप्पांच्या मिलची देखभाल अजून जुन्याच दरात चालू आहे.