एकदा स्टार्टर मारून बघा

बंद पडलेल्या मोटरसायकलचा स्टार्टर स्वतः एकदा दाबल्याशिवाय आपल्या देशातला माणूस पुढे जाऊच शकत नाही, असं माझं ठाम मत झालंय. तुम्ही त्याला सांगा की बॅटरी पूर्ण बसलीये, मीटरसुद्धा पेटत नाहीये, तो मान हलवतो, "अच्छा अच्छा" म्हणतो आणि त्याचा अंगठा बटणाकडे जातोच. त्याआधीचा प्रश्नही ठरलेला, पेट्रोल आहे ना? मग टाकीचं झाकण उघडायचं, गाडी डावी-उजवी हलवायची, आतला डुबुक आवाज ऐकायचा, आणि पेट्रोल आहे म्हटल्यावर जरा निराशच व्हायचं, कारण एवढा सोपा आजार नाहीये म्हणजे आता खरंच काहीतरी करावं लागणार.

हे सगळं मला कळलं ते कच्छमध्ये, धोलावीराचे हडप्पाकालीन अवशेष बघून खावडा गावाकडे परत येताना. हा रस्ता रीलवाल्यांनी एवढा गाजवलाय की वेगळं सांगायची गरज नाही, पण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: धोलावीरा आहे खडीर बेटावर, म्हणजे चारी बाजूंनी रण, आणि पूर्वी भुजवरून जायचं तर भचाऊ, रापर करत सव्वादोनशे किलोमीटरचा वळसा पडायचा, आता खावड्यावरून थेट रणातून रस्ता झालाय त्यामुळे अंतर जवळपास अर्ध्यावर आलंय. 2021 ला धोलावीरा युनेस्कोच्या यादीत गेलं आणि तेव्हापासून गर्दीही वाढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पावसाळ्यानंतर पाणी असतं, ते आटत गेलं की मीठ. फोटोसाठी एक नंबर जागा. पण झाड नाही, टपरी नाही, मोबाईलला रेंज आली तर आली, आणि डिसेंबरातही दुपारी ते पांढरं मीठ खालून असं काही चमकतं की हेल्मेटची काच वर करवत नाही.

पांढरा पट्टा संपून बाभळी दिसायला लागल्या आणि गाडीने लक्षणं दाखवायला सुरुवात केली. आधी एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेचा, दिवा लागला आणि लागूनच राहिला. मग मीटरचा काटा, जो चावी फिरवल्यावर एकदा टोकापर्यंत जाऊन परत येतो ना, तो चालत्या गाडीत आपोआप तसा जाऊन परत आला. मी चावीला हातही लावला नव्हता. मग इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. खावडा अजून पंधराएक किलोमीटर लांब, पुण्याचं तर बोलूच नका, ते हजाराच्या वर.

आता अशा वेळी गाडीवाल्यांमधला एक पंथ लगेच जागा होतो, की जुन्या गाड्याच बऱ्या होत्या बुवा, कुठेही दुरुस्त व्हायच्या. प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, पुसला, लावला, निघाले. मला हे अर्धंच पटतं. त्या गाड्या कुठेही दुरुस्त व्हायच्या कारण त्या कुठेही बंद पडायच्या, सिग्नलला पडायच्या, लग्नाला निघालं की पडायच्या, स्कूटर तिरकी करणारे काका हे तर प्रत्येक सोसायटीतलं रोजचं सकाळचं दृश्य होतं. आताची एफआय, म्हणजे फ्यूएल इंजेक्शनवाली, गाडी सहसा नखरे करत नाही. पण केलेच तर मात्र पूर्ण करते, कारण तिच्या टाकीतून पेट्रोल ओढणारा पंपसुद्धा विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी ठार बसली की धक्का मारा नाहीतर उतारावरून सोडा, ती आपली ढिम्म.

तर माणसं थांबत गेली. खावड्याजवळ ते मोठं सोलरचं काम चाललंय त्यामुळे ट्रक बरेच जातात, त्यातला एक थांबला, क्लीनरने उतरून स्टार्टर दाबला, ड्रायव्हरने खिडकीतूनच निदान सांगितलं की फ्यूज असणार, आणि गेले. अहमदाबादची एक फॅमिली गाडी थांबवून उतरली, त्यातल्या आजोबांनी दाबला, आजींनी पाण्याची बाटली आणि थेपले हातात दिले, आणि एकटं कशाला फिरायचं एवढ्या लांब असं जरा रागावून विचारलं. याचं उत्तर मला आजपर्यंत घरीसुद्धा देता आलेलं नाही. मग आला दूधवाला, साधी शंभर सीसीची गाडी, दोन बाजूंना रिकामे कॅन. त्यानेही दाबला, अर्थातच. पण मग म्हणाला, न्यूट्रल करो, बैठो, हँडल सीधा रखना, ब्रेक मत मारना.

पाय लावून गाडी नेणं हा प्रकार ज्यांनी अनुभवला नसेल त्यांना त्यातली कारागिरी कळणार नाही. तो माझ्या उजवीकडून थोडा मागे, डावा पाय माझ्या मागच्या फूटरेस्टवर. आता त्याचा गियरचा पाय तोच, त्यामुळे आधी स्वतःच्या गाडीला वेग देऊन गियर पडलेला ठेवायचा, मग हळूच पाय टेकवायचा आणि पुढे सगळं एक्सलरेटरवर सांभाळायचं. माझी गाडी त्याच्या गाडीपेक्षा जवळपास दीडपट जड, वर सॅडलबॅग, तंबू, मी. दोन्ही गाड्या पस्तीसच्या स्पीडने, बाजूला कॅनची झाकणं खडखडतायत, आणि हा माणूस चाललाय निवांत, मध्येच एका हाताने फोनवर बोलतोय. फोन त्याने मेकॅनिकलाच लावला होता हे मला नंतर कळलं. पोचलो तेव्हा मेकॅनिक दुकानाबाहेर उभा होता. दूधवाल्याने पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा नाही, म्हशींची वेळ झालीये म्हणाला.

दुकानासमोर एक छकडो उघडून पडला होता. छकडो म्हणजे तिकडची ती भन्नाट तीनचाकी, पुढून मोटरसायकल, पोटात डिझेल इंजिन आणि मागे हौदा ज्यात माणसं, शेळ्या, गवत काहीही. जुन्या छकड्यांना बुलेटचंच तोंड लावलेलं असतं. ज्या मेकॅनिकचं रोजचं काम हे आहे त्याला माझ्या सेन्सरवाल्या गाडीतलं काय कळणार अशी शंका मनात आली, पण त्याने बॅटरीवर मल्टिमीटर लावला आणि शंका तिथेच संपली. आधी आपली एक चार्ज केलेली बॅटरी जोडून गाडी चालू केली. व्होल्टेज चौदाच्या आसपास चढायला हवं होतं, ते बारा पॉइंट चार, बारा पॉइंट दोन असं उतरत चाललेलं. मग सीटखालचा कपलर सोडवला, कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायर आळीपाळीने जोडीजोडीने मोजल्या, रेस वाढवली की आकडा वाढतो का बघितलं, वाढत होता. "कॉइल बराबर छे. रेक्टिफायर गयो." म्हणजे इंजिन वीज बनवतंय, पण त्या एसीची डीसी करून बॅटरीला देणारी ती काळी डबी मेली, आणि सकाळपासून गाडी नुसत्या बॅटरीतल्या जमेवर चालली होती.

डबी खावड्यात मिळणार नव्हती. मग फोन सुरू झाले. मेकॅनिकच्या मावशीचा मुलगा भुजला स्पेअर पार्टच्या दुकानात, त्याने राजकोटला फोन केला, राजकोटवाल्याने माझ्या गाडीचं वर्ष विचारलं, चेसिस नंबरचा फोटो मागवला, आणि पार्ट रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून सकाळी भुजला पोचेल असं ठरलं. कंपनीच्या हेल्पलाइनलाही मी दरम्यान फोन लावला होता, तिथे एक दाबा, दोन दाबा चाललं होतं तोवर इकडे तीन गावांतल्या तीन माणसांनी काम उरकलं. टूरला निघताना लोक कुठली गाडी, कुठला टायर, कुठलं जॅकेट यावर महिनोन्‌महिने चर्चा करतात. मला वाटतं ऐनवेळी खरं काम करतं ते मेकॅनिकचं गोतावळं, फक्त ते ऑनलाइन मागवता येत नाही.

संध्याकाळ मोकळी होती म्हणून मेकॅनिकच्या मुलाने त्याच्या गाडीवर काळा डुंगरला नेलं. कच्छमधली सगळ्यात उंच जागा, आणि वर मंदिर कोणाचं, तर दत्ताचं! गाणगापूर, नरसोबाची वाडी, औदुंबर करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला इतक्या उत्तरेला, पाकिस्तानच्या तोंडावर दत्त भेटतात म्हटल्यावर जे वाटायचं ते वाटलंच. तिथे कोल्ह्यांना भाताचा प्रसाद घालतात, पुजारी हाका मारतात, थाळी वाजते. आम्ही होतो तेव्हा कोल्हे काही आले नाहीत, कुत्रे आले आणि त्यांनी मनापासून खाल्लं.

रात्रभर माझी बॅटरी चार्जिंगला होती. सकाळचा हिशोब असा की भुज सत्तरेक किलोमीटर, चार्जिंग शून्य, म्हणजे वीज जपून वापरायची. आता 2017 पासून नवीन गाड्यांचा हेडलाइट कायम चालूच असतो, बंद करायला बटणच नाही, म्हणून मेकॅनिकने बल्बचा कपलरच काढून ठेवला. हॉर्न नाही, मोबाईल चार्जिंग नाही, इंडिकेटरऐवजी हात. आणि गाडी कुठेही बंद करायची नाही. शिवाय स्वतःची ती बॅटरी गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटवर बांधून दिली, वाटेत लागली तर लावून घे म्हणून. पत्ता घेतला नाही, डिपॉझिट नाही, भुजला भावाकडे टाक म्हणाला.

भुजला पोचलो तेव्हा मीटर पुन्हा फिकट पडायला लागला होता, पण पोचलो, आणि डबी बसवायला पंधरा मिनिटं लागली. मावसभाऊ गोणपाटाकडे बघून म्हणाला, राहू दे इथेच, दुपारच्या बसने खावड्याला पाठवतो. मी म्हटलं नको, मीच देऊन येतो. वाटेत भिरंडियारा लागतं, तिथला मावा म्हणजे खरोखर मावा, बन्नीच्या गवताळ माळावरच्या म्हशींच्या दुधाचा, आणि सकाळी इंजिन बंद करायचं नाही या धाकात मी त्या दुकानांच्या रांगेसमोरून तसाच पुढे निघून आलो होतो.