एकच अक्षर, दोन कोड

"पुस्तक कपाटात दिसतंय की वो, मग कॉम्प्युटर नाही कसं म्हणतोय?"

कोल्हापुरातल्या एका वाचनालयात आज काउंटरवर आलेला हा प्रश्न. नव्या ग्रंथपाल मॅडमनी 'कोहा' या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षक पुन्हा टाकलं. निकाल शून्य. पुस्तक हातात, त्यावर बारकोडही चिकटवलेला.

घोळ शीर्षकातल्या 'ॲडव्होकेट'मध्ये होता. हा 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो: एकतर अख्खं अक्षर, यू+०९७२, जे युनिकोडमध्ये (अक्षरांना कोड देणारं जागतिक मानक) २००८ साली आलं, नाहीतर साधा 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखेच, मशीनला मात्र दोन वेगळे शब्द. एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशनही हे दोन एक करत नाही. नोंद एका कीबोर्डवर झालेली, शोध दुसऱ्यावर.

मॅडमनी नोंदीत २४५ मधलं, म्हणजे मुख्य शीर्षकाच्या रकान्यातलं शीर्षक तसंच ठेवलं आणि दुसरं रूप २४६ मध्ये, म्हणजे पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात घातलं. शोधाचा इंडेक्स अद्ययावत झाल्यावर पुस्तक सापडलं. नोंदी शेकड्यांनी असतील तर कोहातलं 'मार्क मॉडिफिकेशन टेम्प्लेट' (नोंदी कशा बदलायच्या याचे नियम) करून बॅचनं, म्हणजे एकदम बदलाव्यात, पण आधी बॅकअप आणि दहाच नोंदींवर चाचणी. (ही पायरी गाळणारे नंतर रात्र जागवतात.)

खरं तर शीर्षक नीट करण्याचं हे काम प्रकाशकाकडेच व्हायला हवं. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे १३ आकडे काटेकोर तपासले जातात, शेवटचा तर पडताळणीचाच असतो. शीर्षक मात्र जुन्या डीटीपी फॉन्टमधून जसं येईल तसं यादीत चिकटवतात.

तुमच्या कीबोर्डवर कोणता 'ॲ' उमटतो, कधी बघितलंय?