पाच डिग्री

फ्रोझन शोल्डरची (खांद्याचा सांधा धरतो, हात फिरत नाही) एक केस चालू आहे माझ्याकडे, काकू पन्नाशीच्या पुढच्या, डायबेटिस आहे (डायबेटिस असला की हे जास्त होतं, आणि सुटतंही हळू). त्यांचा एक दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

मी फिजिओथेरपिस्ट. लोकांना वाटतं आम्ही मशीन लावतो आणि हातपाय दाबतो. खरं काम मोजायचं असतं. कोपर ९० डिग्रीत वाकवून अंगाला चिकटवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगायचं, ही हालचाल फ्रोझन शोल्डरमध्ये सगळ्यात जास्त अडकते. आणि इथेच शरीर चलाखी करतं, खांदा वळत नाही म्हणून कोपर हळूच बाहेर सरकतं, नाहीतर आख्खं धड फिरतं, आणि पेशंटला मनापासून वाटतं की हात गेला! म्हणून मी कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी देते, ती पडली की कळतं. हात वर करायला सांगितला की खांदाच कानापर्यंत चढवतात, तेही तसंच. पंधरा वर्षांत ही चलाखी माझ्या नजरेतून सुटलेली नाही, एवढा माज आहे मला.

तर काकू या हालचालीत तीन आठवडे २० डिग्रीवर. व्यायाम करता ना? करते की, दोन वेळा. हे 'करते की' आम्ही दिवसभर ऐकतो. मी फाइलमध्ये 'घरचे व्यायाम नियमित' असं लिहून मोकळी. अर्ध्या तासाला एक पेशंट, खोदत कोण बसणार.

त्या दिवशी पुढचा पेशंट आला नाही, वेळ होता, म्हणून म्हटलं काकू, घरी करता तस्से करून दाखवा. लंबकाचा केला. भिंतीवर बोटं चढवायचा केला. काठीचा म्हटल्यावर काठी नुसती हातात धरून उभ्या राहिल्या.

मी काहीच बोलले नाही, बोलायला हवं होतं की नाही अजून कळत नाही. मग त्याच म्हणाल्या, "मॅडम, मला हा हात बरा व्हायला नकोच आहे बहुतेक." हात धरल्यापासून घरातली कामं वाटली गेलीयेत, दुपारी पडता येतं, 'दुखतंय का' म्हणून कुणीतरी विचारतं. बरा झाला की सगळं परत माझ्याच अंगावर. हे मी आत्ताच पहिल्यांदा बोलतेय, स्वतःशीसुद्धा नव्हते बोलले, असं म्हणाल्या आणि काठी कोपऱ्यात नीट ठेवून बसल्या.

याला, म्हणजे दुखण्यातून मिळणाऱ्या अशा आडफायद्याला, पुस्तकात 'सेकंडरी गेन' म्हणतात. माझ्या सहकाऱ्याला सांगितलं तर हसून म्हणाला, नाटकी पेशंट. इतका राग आला! दुखणं खोटं नव्हतं हो, सांधा खरंच धरलेला आहे, मी स्वतः हात फिरवून बघितलाय, टोकाला कडक लागतं.

पण रागाचं खरं कारण वेगळंच होतं. संध्याकाळी फाइल उघडली. तीन आठवडे २० होतं म्हणाले ना वर? फाइलमध्ये २०, २५, ३० आहे. गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायचं साधन) मोजताना पाच डिग्री इकडेतिकडे होतातच, ते सगळ्यांना मान्य आहे, आणि त्या पाचात मी दर आठवड्याला लपले. काकूंना बरं वाटावं म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर माझी ट्रीटमेंट लागू पडत नाहीये हे मलाच बघायचं नव्हतं. टॉवेलची गुंडाळी मलाच हवी होती.

पुढच्या वेळी काकूंना सांगितलं, आकडे मी वाढवून लिहिले होते. त्या बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, म्हणजे दोघी सारख्याच. व्यायाम दोनच ठेवले, जे त्या खरंच करतील असे. घरी काय बोलल्या माहीत नाही, मी विचारलंही नाही.

आता सुटतंय. पण हा आजार बऱ्याच जणांचा आपोआपही सुटत जातो, दीडदोन वर्षं घेतो कधी कधी, त्यामुळे ते बोलल्याने सुटतंय की सुटायचंच होतं, मला सांगता येणार नाही. झोप मात्र लागते म्हणतात.

परवा मोजलं. काटा ३५ आणि ४० च्या मध्ये. "किती आलं?" म्हटलं ३५. "मागच्या वेळीपण ३५च होतं ना?"

हो, म्हटलं.