वादळातल्या पदवीदानाला निघालेल्या आजी-आजोबांसाठी

नोव्हेंबरच्या अखेरीस चेन्नईला कोणाच्या पदवीदानाला जाणार असाल, तर सेंट्रल स्टेशनाच्या बाहेर कोणी "मेट्रो बंद आहे" असे सांगताच त्याच्याकडे पाठ फिरवावी आणि जिना उतरून ती बंद आहे की चालू, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. एवढा एक सल्ला ज्यांना पाळता येईल त्यांनी पुढचे वाचले नाही तरी चालेल. ज्यांचा स्वभाव माझ्यासारखा सभ्य माणसांवर विश्वास ठेवण्याचा आहे, त्यांच्यासाठी हा सविस्तर वृत्तांत.

आमच्या नातीचा पदवीदान समारंभ शनिवारी, ३० नोव्हेंबर २०२४ रोजी होता. ज्या मंडळींनी ही तारीख ठरवली त्यांना आपण कोणत्या शहरात राहतो याचा विसर पडला असावा, कारण चेन्नईचा निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर याच महिन्यांत पडतो. आपल्याकडे दिवाळी झाली की छत्र्या माळ्यावर जातात, त्यामुळे आम्हा सोलापूरकरांना हे लवकर लक्षात येत नाही. बंगालच्या उपसागरात काहीतरी शिजत असल्याच्या बातम्या आठवडाभर येत होत्या. आधी चक्रीवादळ होणार म्हणाले, मग ते होणार नाही, नुसताच कमी दाबाचा पट्टा किनाऱ्यावर येईल म्हणाले, आणि २९ तारखेला दुपारी अखेर वादळ झाल्याचे जाहीर झाले. त्याचे 'फेंगल' हे नाव सौदी अरेबियाने सुचवलेले होते. वाळवंटातल्या लोकांनी पावसाला नाव द्यावे आणि ते आमच्या वाट्याला यावे, यावर सौभाग्यवतींनी जे भाष्य केले ते येथे देत नाही.

चिरंजीवांनी पुण्याहून फोन करून "आबा, तुम्ही रेल्वेने येऊ नका, आम्ही शनिवारी विमानाने जातोच आहोत," असे बजावले. परंतु तोपर्यंत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून झालेली होती, आणि आमच्या घरात बांधलेला डबा सोडण्याची पद्धत नाही. रात्री आठच्या सुमारास आम्ही गाडीत बसलो. रायचूर, गुंटकल, कडप्पा हा सगळा प्रवास झोपेत आणि अगदी सुखात झाला, तेव्हा त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. त्याच रात्री तमिळनाडू सरकारने शाळा-महाविद्यालयांना सुट्टी दिली आणि समारंभ रविवारी सकाळी होईल असा निरोप नातीने पाठवला. तो आम्ही रेणिगुंट्याला वाचला, म्हणजे परत फिरण्याचा विचार करण्याची वेळ टळून गेल्यावर.

गाडी उशिराने सेंट्रलला पोहोचली तेव्हा दुपार होत आली होती. बाहेर पाऊस आडवा पडत होता, हे मी शब्दशः लिहितो आहे. छत्री उघडताक्षणी उलटी झाली, तिच्या काड्या एकेक करून सुटल्या आणि कापड एका टपालपेटीला जाऊन चिकटले. ताशी ७०-८० किलोमीटरच्या वाऱ्याची भाकिते असतील तेव्हा छत्री घेऊन निघणे हा शुद्ध वेडेपणा आहे. बटणांचा लांब रेनकोट न्यावा, डोक्याला टोपी बांधावी आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत.

याच क्षणी ते सद्गृहस्थ भेटले. मेट्रो बंद, बस बंद, सगळे बंद, फक्त त्यांच्या ओळखीची एक रिक्षा तेवढी चालू! भाडे पंधराशे रुपये. चेन्नईतल्या रिक्षांचे सरकारी दर तेव्हा २०१३ सालापासून तेच होते: पहिल्या १.८ किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १२. त्या हिशेबाने नातीचे वसतिगृह असलेल्या शोलिंगनल्लूरपर्यंतच्या पंचवीसेक किलोमीटरचे तीनशेच्या आसपास होतात. हा हिशेब मी रिक्षावाल्याला बोटांवर करून दाखवला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि पंधराशे म्हणाला.

येथे सौभाग्यवती पुढे सरसावल्या. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या शेजारात उभा जन्म गेल्यामुळे त्यांना तेलुगू उत्तम येते, आणि चेन्नईत ते समजणारी माणसे पुष्कळ आहेत. हा रिक्षावाला त्यांपैकीच निघाला. मी मनातल्या मनात भाडे आठशेवर आणून ठेवले. परंतु पाच मिनिटांत त्याच्या मुलींची शिक्षणे, आईची शुगर आणि घरात शिरलेले पाणी असे सगळे विषय निघाले, तो हिला 'अम्मा' म्हणू लागला, आणि अम्मा म्हणणाऱ्या मुलाशी घासाघीस करणे हिला प्रशस्त वाटेना. पंधराशेवर शिक्कामोर्तब झाले. तेव्हा नियम असा, की भाडे ठरेपर्यंत समोरच्याची भाषा येत असल्याचे दाखवू नये.

अण्णा सालईपासून गिंडीपर्यंत आम्ही बरे गेलो. सखल भागातले भुयारी रस्ते पोलिसांनी बंद केले होते, त्यामुळे वळसे बरेच पडले. खरा वनवास वेळाचेरीला सुरू झाला. तेथल्या उड्डाणपुलावर दोन्ही कडांना मोटारी ओळीने उभ्या होत्या, एकीतही माणूस नव्हता. मला वाटले एखाद्या मोठ्या घरचे लग्न असावे. रिक्षावाल्याने सांगितले की खाली पाणी भरते म्हणून लोक आदल्या दिवशीच गाड्या पुलावर आणून ठेवतात आणि स्वतः घरी जाऊन पाण्यात बसतात. वेळाचेरीच्या शेजारीच पळ्ळिकरणैची मोठी दलदल आहे. शहराच्या दक्षिण भागाचे पाणी पूर्वी तिच्यात उतरत असे. आता तिचा बराचसा भाग इमारतींनी गिळला आहे आणि जे उरले त्याला २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पाण्याला हा दर्जा कोणी कळवलेला दिसत नाही, कारण ते जुन्या सवयीने तेथेच जमते.

पूल उतरल्यावर रिक्षा थांबली आणि रिक्षावाल्याने पुढच्या रस्त्याचे सहाशे रुपये वेगळे पडतील असे जाहीर केले. मी नकार दिला. त्यावर त्याने इंजिन बंद केले आणि आपण आता जेवून घेऊ असे सुचवले, कारण समोरच 'अम्मा उणवगम' होते. सरकारने सुरू केलेल्या या स्वस्त खानावळीत इडली एरवी एक रुपयाला मिळते. वादळामुळे त्या दिवशी सगळे जेवण फुकट होते. वाफाळता सांबारभात स्टीलच्या ताटात वाढला जात होता. आम्ही तिघे भिंतीकडच्या टेबलाशी उभे राहून जेवलो. हिने पिशवीतून शेंगाची चटणी काढून त्याला वाढली, त्याने ती मागून दोनदा घेतली, कडक भाकरीचा तुकडा सांबारात बुडवून मान डोलावली आणि हात धुऊन आल्यावर सहाशेवर कायम राहिला. एकवीसशे रुपये झाले. इतके मीठ खाऊन सहाशेतला एक रुपयाही न सोडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

पुढे ओएमआर, म्हणजे ओल्ड महाबलीपुरम रोड, कागदोपत्री राजीव गांधी सालई. या रस्त्याच्या मधोमध मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे काम चालू असल्याने पत्र्यांच्या कुंपणांनी तो निम्मा झाला होता, आणि त्या पत्र्यांमुळे पाण्याला कडेला जायला वाट राहिली नव्हती. त्या दुपारी या रस्त्यावरची आणि समुद्राकाठच्या ईसीआरवरची (ईस्ट कोस्ट रोडवरची) बससेवा थांबवलेली होती, त्यामुळे रिक्षावाल्याचे सगळेच खोटे नव्हते, हे न्यायाने नमूद करतो. शेवटचा पाऊण किलोमीटर, मुख्य रस्त्यापासून नातीच्या वसतिगृहापर्यंतचा, रिक्षा गेलीच नाही. पाणी गुडघ्याच्या वर होते. ज्यांचे गुडघे चालते आहेत त्यांना हे अवघड नाही. मी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी केले. मात्र रस्त्याच्या कडेने चालू नये, कारण झाकण नसलेली गटारे तेथेच असतात. मधून चालावे आणि प्रत्येक पावलाआधी काठी टेकवून तळ चाचपावा. पायात बूट निरुपयोगी, चपला वाहून जातात. मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. माझी डावी चप्पल बहुधा बकिंगहॅम कालव्यात असावी.

वादळ संध्याकाळी किनाऱ्याला लागले आणि रात्री उशिरापर्यंत पुदुच्चेरीजवळ जमीन ओलांडत राहिले. पुदुच्चेरीत चोवीस तासांत ४६ सेंटिमीटरच्या वर पाऊस झाला. आमच्या सोलापुरात अख्ख्या वर्षात पन्नास-साठ होतो. आम्ही मात्र पाहुण्यांच्या खोलीत सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन गाढ झोपलो होतो.

चिरंजीव आणि सूनबाईंचे विमान अर्थातच उडाले नाही. चेन्नईचा विमानतळ शनिवारी दुपारी बाराला बंद झाला तो मध्यरात्र उलटल्यावर उघडला, आणि त्यानंतर साऱ्या देशातून अडकलेल्या प्रवाशांची गर्दी. "रेल्वेने येऊ नका" म्हणणारे पुण्यात बसून होते, आणि कडक भाकरीवाले सभागृहाच्या दारात.

दारात नवीनच अडचण उभी राहिली. प्रत्येक विद्यार्थ्यामागे दोन प्रवेशपत्रे होती, ती आई आणि वडील यांच्या नावाची, छायाचित्रासह. आजी-आजोबांनी शेजारच्या दालनात पडद्यावर पाहावे, अशी मूळ योजना होती. पहारेकऱ्याने चिरंजीवांचे छायाचित्र पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, मग पुन्हा छायाचित्र पाहिले. मी त्याला इंग्रजीत गंभीरपणे सांगितले की कालच्या प्रवासाने माणूस असा होतो. तो हसला नाही. पण मागे भिजलेल्या पालकांची रांग लागली होती आणि आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून त्याने आम्हाला सोडले. अशा दिवशी प्रवेशपत्रावरच्या नावाची चिंता करू नये.

आत वीज जनरेटरवर होती, आणि ज्याने कोणी जनरेटर लावला त्याने वातानुकूलनही पुरते सुरू ठेवले होते. ओल्या कपड्यांतली शेकडो माणसे सोळा अंशांवर बसून दीक्षान्त भाषण ऐकत होती. भाषण 'संकटांना संधी समजा' अशा वळणाचे होते आणि लांब होते. आम्ही चादर दोघांत पांघरली. हे पाहून पुढच्या रांगेतल्या एका तमिळ आजींनी मागे वळून चादरीच्या काठावरून बोट फिरवले आणि ती कोठे मिळते असे खुणेने विचारले. नातीचे नाव पुकारले तेव्हा मी चादरीसह उभा राहिलो, त्यामुळे व्यासपीठावरून तिला आम्ही लगेच दिसलो, हे तिने नंतर थोड्या रागाने सांगितले. मला त्या क्षणी एकवीसशे रुपयेही दिसेनासे झाले होते. दहाएक मिनिटे.

दहाच मिनिटे, कारण शेजारच्या खुर्चीवर नागपूरकडचे एक गृहस्थ होते, आणि तेही शनिवारीच दुपारी सेंट्रलला उतरले होते. ते मेट्रोने आले होते. निळ्या मार्गिकेची गाडी सेंट्रलपासून सैदापेटपर्यंत जमिनीखालून जाते, गिंडीला उतरता येते, आणि तिकीट पन्नास रुपयांच्या आत. दिवसभर चालू होती म्हणाले. गिंडीपासून पुढे त्यांनाही रिक्षावाल्याने सहाशेच घेतले. म्हणजे सहाशे हा त्या पाण्याचा भाव होता आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पंधराशे मात्र निव्वळ थापेचे होते. अम्मा म्हणणारा आमचा रिक्षावालाही त्या थापेत सामील होता की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

सोमवारी ऊन पडले. महाबलीपुरम पाहिले, चांगले आहे.

गाऊनविषयी शेवटचे. तो भाड्याचा असतो आणि त्यावर अनामत घेतात. घेर चिखलाने भरला म्हणून नातीचे पाचशे रुपये कापले गेले. वादळातून चालत आणलेल्या गाऊनचा घेर कोरडा कसा राहावा याचे उत्तर खिडकीपलीकडच्या बाईंकडे नव्हते, पावती मात्र होती. तेव्हा गाऊन सभागृहातच घालावा आणि तेथेच काढावा, आणि आई-वडील पोहोचेपर्यंत परत करू नये. आमचे चिरंजीव आणि सूनबाई रविवारी रात्री पुष्पगुच्छ घेऊन पोहोचले, गाऊनमधल्या छायाचित्राचा हट्ट धरून बसले, आणि नातीने मैत्रिणीचा गाऊन मागून आणून ते काढून घेतले. मैत्रीण सहा फूट उंच आहे.