तुम्ही विचारलंत म्हणून : आवाजाचा नॉर्मल आकडा किती?

शुगर, बीपी, हिमोग्लोबिन. रिपोर्टवर एका बाजूला आपला आकडा, दुसऱ्या बाजूला नॉर्मल. ही सवय इतकी मुरलीय, की जळगावात मी आवाज तपासते, तर माझ्याकडे घसा बसला म्हणून आलेला माणूस उठता उठता विचारतोच, "ताई, नारमल कितलं जोयजे?" लग्नाच्या पंगतीतही हाच प्रश्न येतो. तिथे मी भरीत वाढून घेते आणि विषय बदलते. आज मात्र नीट सांगते.

आकडे आहेत. स्वरतंतू सेकंदाला किती वेळा उघडतात-मिटतात ते मोजता येतं. बोलताना पुरुषांत साधारण १०० ते १३०, बायकांत १९० ते २२०, लहान मुलांत २५० च्या वर. पण हे उंचीसारखं आहे. माझ्या आत्याचा आवाज एवढा जाड, की फोनवर गॅस एजन्सीवाला तिला हमखास "काका" म्हणतो. तिला आजार कसलाच नाही.

मला सगळ्यात आवडते ती बिनखर्चाची चाचणी. पोटभर श्वास घ्यायचा आणि एका दमात 'आऽऽ' म्हणायचं, हातात घड्याळ. तीनदा करून सगळ्यात लांब आलेला धरायचा. धडधाकट मोठं माणूस पंधरा ते पंचवीस सेकंद ओढतं. दहाच्या आत दम तुटला, तर हवा कुठेतरी कमी पडतेय किंवा गळतेय. छातीतच कमी पडतेय की गळ्यात गळतेय, हे पाहायला आधी 'सऽऽ' ओढायला लावतात, मग त्याचाच आवाजी भाऊ 'झऽऽ'. 'स'ला स्वरतंतू लागत नाहीत, 'झ'ला लागतात. दोन्ही सारखेच चालले तर बरं. 'स' जर 'झ'च्या दीडपटीकडे जायला लागला (पुस्तकात १.४ लिहिलंय), तर संशय स्वरतंतूंवर. आपल्याकडे यातही गंमत होते. हा 'झ' कळावा म्हणून 'जरा'तला 'ज' म्हणा म्हटलं की लोक सुरुवातीला जीभ टेकवतात आणि 'ज ज ज' करत राहतात. म्हणून मी सांगते, मधमाशी व्हा. मग जमतं.

आता मशीन. मशीन म्हणजे लॅपटॉप, चांगला माइक आणि प्राट नावाचं सॉफ्टवेअर. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते केलं, आणि फुकट ठेवलं, त्यांचं भलं होवो. स्वरतंतूंचा एक झोका दुसऱ्यापेक्षा किती वेगळा पडला, ते त्यातून टक्क्यांत कळतं. पण मे महिन्यात आमच्याकडे कूलर बंद केल्याशिवाय रेकॉर्डिंग होत नाही, कारण कूलरची घरघर पेशंटच्या खात्यात जमा होते. तेवढी दोन मिनिटं आम्ही दोघंही घामाने निथळतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या आवाजावर तर मी हे आकडे काढतच नाही. फोन आपणहून आवाज घासूनपुसून देतो. खरी मेख पुढेच. आवाज फारच फाटलेला असला, की सॉफ्टवेअरला झोकेच सापडत नाहीत आणि ते काहीही आकडा देतं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याचाच आकडा सगळ्यात कमी भरवशाचा.

म्हणून कान. १९८१ साली जपानच्या हिरानोंनी मांडलेली पद्धत आजही चालते: एकूण बिघाड, खरखर, हवा सुटणं, अशक्तपणा, ताण, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. त्यासाठी बोलणं ऐकावं लागतं. मी पूर्वी प्रमाण मराठीतला उतारा वाचायला द्यायचे. धुळ्याकडच्या आजीबाई 'ळ' आला की सावरून बसत. घरी गळ्याला 'गया' म्हणणाऱ्या बाईचा आवाज 'गळा' वाचताना आवळतो, आणि मी तो ताण म्हणून लिहून मोकळी! आता उतारा बाजूला ठेवते आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ कसं करता ते अहिराणीत विचारते.

वेळही बघावी लागते. श्रावणातल्या रविवारी आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीसमोर रात्रभर गाणी झाली, की सोमवारी निम्म्या गल्लीचा रिपोर्ट बिघडलेला येईल. दोन-तीन दिवसांत सगळ्या ठणठणीत. उलट भाजी मार्केटात लिलाव पुकारणारे एक काका संध्याकाळी सहाला आले, तेव्हा 'आ' एकोणीस सेकंद, बाकी सगळं बरं. मी म्हटलं, काही नाही. महिन्याने परत आले. या वेळी मी त्यांना लिलाव संपवून तडक यायला सांगितलं. अकरा सेकंद, आणि आवाजातून वारा सुटतोय. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बीण घातली तर दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर गाठी. पहिल्या वेळची चूक माझी. तेव्हाही आत पाहायला पाठवायला हवं होतं. गाठ कसली, ते कुठलाच आकडा सांगत नाही. तीन-चार आठवडे आवाज बसलेला राहिला, त्यातून तंबाखू असली, तर आधी दुर्बीण.

आणि त्रास किती, हे तर वेगळंच खातं. त्यासाठी १९९७ पासून तीस प्रश्नांची यादी आहे, एकूण गुण १२०, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. झेडपीच्या एका बाईंचा आवाज मला जेमतेम घोगरा वाटला, त्यांनी गुण लावले ६२. यावलकडचे एक शेतकरी, आवाज पार फाटलेला, गुण १४. मी विचारलं, त्रास होत नाही? म्हणाले, "बैलं समजतात ना."

लिलाववाल्या काकांकडे परत येते. त्यांचा चांगला असतानाचा आवाज कसा होता, याची नोंद कुठेच नव्हती. शेवटी त्यांच्या मुलाच्या फोनमध्ये तीन वर्षांपूर्वीचा मार्केटातला व्हिडिओ निघाला. मागे ट्रकचा हॉर्न, हमालांचा गलका, मोजायला बिनकामाचा. पण वांग्याच्या ढिगावरून काका भाव पुकारताहेत, आणि प्रत्येक भावाचा शेवटचा आकडा वर चढून खणखणीत थांबतोय. काकांनी तो दोनदा लावला. तिसऱ्यांदा लावून फोन माझ्या कानाशी धरला आणि म्हणाले, "ताई, हे लिही. नारमलच्या जागी."