रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग पाय का उचलत नाही?

सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही रुग्णाचा पाय का उचलत नाही, हे तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते. फिजिओथेरपीसाठी रुग्णाला आत सोडल्यावर नातेवाईक दाराशी थांबतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, एमआरआय नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल, खरं सांगा, हे नाटक तर नाही ना?" नाही, हे नाटक नाही. एवढ्या उत्तराने मात्र कोणाचे समाधान होत नाही, आणि होऊही नये, कारण या उत्तरामागे दाखवता येण्याजोगा पुरावा आहे.

या आजाराला आज फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजे मज्जासंस्थेच्या रचनेतला नव्हे तर कामातला बिघाड, म्हणतात; पूर्वी त्यालाच हिस्टेरिया म्हणत. हातपाय लुळे पडतात, कंप सुटतो, वाचा जाते, फिट आल्यासारखे झटके येतात. 'काही सापडले नाही, म्हणून मानसिक' अशा वजाबाकीने याचे निदान करायचे नसते. अमेरिकी डॉक्टर चार्ल्स हूवर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेली तपासणी आम्ही आजही करतो. रुग्णाला उताणे झोपवून लुळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवायचा आणि टाच खाली दाबायला सांगायचे. जोर लागत नाही. मग चांगला पाय आमच्या हाताच्या विरोधात वर उचलायला सांगायचे; तो उचलताना दुसरी टाच आपोआप खाली रेटली जाते, आणि ज्या पायात क्षणापूर्वी जोर नव्हता त्याच पायाचा भक्कम दाब माझ्या तळहाताला जाणवतो. याचा अर्थ मेंदूपासून स्नायूपर्यंतची वाट शाबूत आहे, पण ठरवून हालचाल करू गेले की ती अडते. कंपाचेही तसेच: चांगल्या हाताची बोटे ठरावीक लयीत आपटायला सांगितली की दुसऱ्या हाताचा कंप पुष्कळदा तीच लय पकडतो किंवा थांबतो.

नेमका हाच पुरावा घरच्या माणसांना उलटा दिसतो. एक तरुण सून दोघींचा आधार घेऊनही पुढे चालताना गुडघ्यात कोलमडत असे. मी तिला मागे मागे चालायला सांगितले, तर ती भिंतीपर्यंत एकटी गेली. दारातून सासूबाई म्हणाल्या, "बघा, चालता येतंय की हिला!" त्यांना चोरी पकडल्यासारखे वाटले, मला ती बरी होऊ शकेल असे वाटले, आणि सासू-सुनेला शेजारी बसवून मी हूवर यांची तपासणी त्यांच्यासमोर पुन्हा करून दाखवली. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करू लागलो तर आपलेही पाऊल अडखळते. या आजारात लक्ष असे अवयवावर खिळून राहते आणि रुग्णाने कितीही मनावर घेतले तरी सुटत नाही, उलट अधिकच रुतते. 'थोडं मनावर घे' हा सल्ला म्हणूनच कुचकामी आहे. मागे चालताना, चेंडू झेलताना किंवा गाण्याच्या ठेक्यावर पावले टाकताना लक्ष दुसरीकडे वळते आणि हालचाल मोकळी होते. आमचे बरेचसे उपचार याच फटीतून आत शिरतात.

यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: "घरात काही ताण आहे का, ते शोधायचं का?" ताण आणि जुने आघात यांनी धोका वाढतो हे खरे, पण प्रत्येक रुग्णाच्या आयुष्यात ते सापडतातच असे नाही, कित्येकांचा त्रास पडण्याने, शस्त्रक्रियेने किंवा मायग्रेनच्या झटक्याने सुरू झालेला असतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणाने २०१३ मध्ये मानसिक ताणाची अट निदानातून काढून टाकली, हे मला फार योग्य वाटते. दुःख असेल तर ते ऐकलेच पाहिजे, पण नसलेले दुःख कबूल करून घेणे हा रुग्णावर अन्याय आहे.

निदान चुकण्याची भीती निराधार नाही. १९६५ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील मज्जाविकारांच्या रुग्णालयात हिस्टेरियाचे निदान झालेल्या ८५ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांतल्या अनेकांना पुढे गंभीर आजार निघाल्याचे दिसले. २००५ च्या एका मोठ्या आढाव्यात मात्र १९७० नंतरच्या अभ्यासांतील चुकीच्या निदानाचे प्रमाण सुमारे ४ टक्के आढळले. तरीही अचानक आलेला लुळेपणा आधी पक्षाघात समजूनच रुग्णालय गाठावे. बाकीची चर्चा नंतर.

उपचारांबद्दल मी भलती आशा दाखवत नाही. झटक्यांवरील वर्तनोपचाराच्या (बोलण्यातून विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचाराच्या) ३६८ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, वर्षअखेरीस झटक्यांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही. दैनंदिन वावर आणि मनाचा त्रास यांत मात्र सुधारणा झाली. ज्या घरात आठवड्यातून तीनदा दातखिळी बसते, तिथे या सुधारणेची किंमत मोठी असते.

घरी झटका आला तर चमच्याने दात उघडू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा आणि रुग्णाला कुशीवर वळवा. निदान झालेले नसताना झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर दवाखान्यात न्या. शक्य झाल्यास एकाने मोबाइलवर चित्रण करावे, तेही चेहरा स्पष्ट दिसेल असे, कारण अपस्माराच्या (मिरगीच्या) झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात आणि या झटक्यांत बहुधा घट्ट मिटलेले, आणि घाबरलेल्या घरच्यांना ते नंतर नेमके आठवत नाही.